बाहेर बघणारा

१

ध्वजावरची जनावरं भरण्यात तात्याचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. फुलं, वेलबुट्ट्या, अक्षरं ही कामं बाकीचे करत. पण मानचिन्हातल्या ढालीच्या दोन बाजूंना उभी राहणारी ती चमत्कारिक जनावरं आली की मालकीणबाई भरतकामाची चौकट सरळ तात्यापुढे सरकवायच्या. पंखवाला घोडा, दोन डोक्यांचा पक्षी, मासळीच्या शेपटाचा सिंह, सगळे त्याच्या सुईखालून गेले होते. त्यातलं एकही जगात कुठे नसतं, याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. चाळिशी गाठायला त्याला अजून अवकाश होता, पण पंचविशीतच चष्मा नाकाच्या शेंड्यावर येऊन बसल्यामुळे कारखान्याने त्याला परस्पर तात्या करून टाकलं होतं.

या खेपेचं काम नगरपालिकेच्या सभागृहासाठी होतं. मधोमध ढाल, ढालीवर पूल आणि नदी, आणि दोन्ही बाजूंना मागच्या पायांवर उभं असलेलं एकेक जनावर. तोंड गरुडाचं, धड सिंहाचं, पाठीवर पंख आणि डोक्यावर ताठ उभे कान. चोच असलेल्याला कान कुठून आले, हे विचारायची सोय नव्हती. नमुन्यात होते म्हणून भरायचे. कारखान्यात त्याला सगळे नुसतं कानवाला म्हणत.

अशी जनावरं ध्वजावर थेट भरत नाहीत. जाड कापडावर वेगळी भरायची, कडेने कापायची आणि मग ढालीच्या शेजारी टाचायची. आकृतीच्या कागदाला सुईने बारीक भोकं पाडलेली असतात; कागद कापडावर ठेवून वरून खडूची पूड घासली की खाली ठिपक्यांचं चित्र उमटतं. डावीकडचं जनावर झालं की उजवीकडच्यासाठी तोच कागद पालथा घालायचा, म्हणजे दोघं ढालीकडे तोंड करून समोरासमोर येतात. काल कामाला लागलेला माणूससुद्धा हे विसरत नाही. तात्या विसरला. त्याच्या लेकीला, टिकलीला, ताप आहे म्हणून शाळेतून लवकर घरी पाठवल्याचा निरोप त्या दिवशी आला होता, आणि कागद ठेवताना त्याचं निम्मं लक्ष दाराकडे होतं.

पहिलं जनावर मलमलीत गुंडाळून कपाटात गेलेलं, त्यामुळे चूक कुणाच्या नजरेला आली नाही. तात्याने दुसरंही जीव ओतून भरलं. पंखांचं पीस न् पीस, पंजाची नखं, शेवटी डोळा. सगळ्यात नाजूक जरीची तार, सगळ्यात बारीक टाका. मग एके दुपारी दोन्ही ध्वजावर मांडली, आणि सगळे चौकटीभोवती जमले. डावीकडचा कानवाला ढालीकडे बघत होता. उजवीकडचा ढालीला पाठ करून बाहेर बघत होता.

"तात्या, हा कुणावर रुसलाय?" मावशी म्हणाली. मावशी म्हणजे कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई; तिचे डोळे गेले होते पण जीभ शाबूत होती. नाही म्हणायला, दोन वीत अंतरावरचं तिला अजून दिसायचं.

सगळे हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत. "आजच उसवून टाका," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

रद्द झालेलं जनावर त्याच दिवशी उसवायचं, ही तिथली जुनी रीत होती. तात्याने कात्री उचलली, पहिल्या टाक्याशी नेली आणि त्याचं मन होईना. त्याच्या हातून इतकं जिवंत काम आजवर उतरलं नव्हतं. त्याने कानवाल्याला घडी न करता मलमलीत गुंडाळलं.

"घरी उसवतो," तो म्हणाला.

"इथंच उसव," मावशी म्हणाली. "एकटं जनावर घरी नेत नाहीत."

"का?"

"कुणी नेलं नाही अजून, म्हणून."

"हे काय कारण झालं, मावशी?"

"माझ्याकडे तेवढंच आहे," मावशी म्हणाली आणि तिने दोरा ओवायला सुई दुसऱ्याकडे दिली.

२

तात्याचं घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत ओटा, टेबल आणि नवरा-बायकोचा दिवाण. आत टिकलीचा लोखंडी पलंग भिंतीला लावलेला, एक कपाट, एक खिडकी. टिकलीची आई लांब पल्ल्याच्या बसवर कंडक्टर होती. एक रात्र घरी, एक रात्र बाहेर. तिचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा, आणि घरात तर भिंतींनाच भिडायचा.

टिकली सहा वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून बापाने कामातल्या चमचमणाऱ्या टिकलीचं नाव तिला दिलं. ती बोलायला तिखट होती, पण आई बाहेरगावी असली की तिला आतल्या खोलीत झोप लागत नसे. मग तात्या उंबऱ्याशी सतरंजी टाकून पडायचा. तसा त्यालाही कुठे लागायची म्हणा. पोरीचा श्वास ऐकत तो कूस बदलत राही, उठून खिडकी बघे, कडी बघे, पुन्हा पडे.

"तुम्ही तिला घाबरट करताय," टिकलीची आई म्हणायची. "ती कशाला घाबरते ते तिलाही माहीत नाही. तुमचं बघून घाबरते."

हे खरं होतं, आणि म्हणूनच तात्याला लागायचं.

कानवाल्याला त्याने टिकलीच्या रजईवर टाचलं. रजई गडद निळी, त्यावर सोनेरी अंग असं उठून दिसलं की टिकलीने बराच वेळ हातच लावला नाही. टिकलीची आई गणवेश बदलत होती, ती डोकावली.

"हा कोंबडा कुठला आणला?"

"कोंबड्याला कान असतात का?" टिकली म्हणाली.

"मग गाढव असेल. तुझ्या बाबांना दोन्ही येतात."

"तो राखण करतो," टिकली म्हणाली. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात आई बाहेर असतानाही टिकली एकटी झोपली, दार ओढून घेऊन. तात्या आपल्या दिवाणावर पडला आणि त्याच्या जिवात जीव आला. लेकीची भीती एका चुकलेल्या भरतकामाने घालवली म्हणून स्वतःवर तो खूश होता.

३

शेजारच्यांचा एक बोका होता. भरपूर खाऊन माजलेला, आणि तात्याचं घर ही आपलीच जागा असल्याच्या थाटात वावरणारा. रोज संध्याकाळी तो तडक आत जाऊन टिकलीच्या पायथ्याशी पसरायचा.

एका संध्याकाळी तो उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. एक पाय उचललेला तसाच राहिला. टिकली आत रजईवर बसून चित्र रंगवत होती, तिने "ये ना" म्हटलं. बोका मागच्या मागे सरकत गेला, पाठ न फिरवता, पार जिन्यापर्यंत. त्यानंतर तो त्या घरात आला नाही.

मांजराचं काय एवढं, असं तात्या स्वतःशी म्हणाला आणि टिकलीला जेवायला बोलवायला आत गेला. तेव्हा त्याची नजर रजईवर पडली. कानवाल्याचे कान मागे पडलेले होते.

तात्या चष्मा पुसून खाली वाकला. दुसऱ्या कुणाला हे कळलंही नसतं, पण ते कान त्याने भरलेले होते. प्रत्येक टाका खालून वर गेलेला, टोकाला निमुळता. आता टाके आडवे होते, डोक्याला चिकटून, मागच्या दिशेने. चावायला निघालेला कुत्रा कान पाडतो तसे. तार कुठे ओढलेली नव्हती, कापड चुरगळलेलं नव्हतं. त्याने बोट फिरवलं. टाके घट्ट होते, जणू पहिल्यापासून तसेच घातले होते.

मीच असे भरले असतील, तो मनाशी म्हणाला. कागद उलटा ठेवणाऱ्या माणसाने कानांबद्दल काय छाती ठोकून सांगावं? त्याने मनाची समजूत घातली, आणि ती पटलीही. मात्र जेवताना तो उगाच दोनदा उठला.

सकाळी टिकलीचा डबा भरून झाल्यावर त्याने सहज आत डोकावलं. कान ताठ उभे होते.

त्या दिवशी कारखान्यात त्याच्या हातून काही धड होईना. उजव्या बाजूचा नवा कानवाला भरायला घेतला होता, या वेळी कागद तीनतीनदा तपासून. कान भरायची वेळ आली तेव्हा त्याने चौकट फिरवली आणि शेपटाकडून सुरुवात केली.

"घरचा उसवलास ना?" मावशीने विचारलं.

"हो," तात्या म्हणाला.

मावशीने त्याच्या दिशेने तोंड केलं, आणि मग ती पुन्हा आपल्या कापडावर वाकली.

४

मग पलंगाचं सुरू झालं.

पहिल्यांदा टिकलीला शाळेतून आणल्यावर त्याच्या लक्षात आलं. पलंग आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढी फट पडलेली. केर काढताना सरकला असेल, म्हणून त्याने तो गुडघ्याने ढकलून जागेवर लावला. दुसऱ्या दिवशी फटीत माणूस उभा राहील एवढी जागा होती. त्याच्या पुढच्या दिवशी पलंग खोलीच्या बरोबर मधोमध उभा होता. या बाजूला जेवढी जागा, तेवढीच त्या बाजूला. तात्याची नजर मोजमापाची. त्याला टेप लावायची गरज पडली नाही.

"टिकले, पलंग कशाला ओढतेस? पाय चेंगरेल एखाद्या दिवशी."

"मी नाही ओढत." ती बूट काढत होती, मान वर न करता म्हणाली, "त्याला उभं राहायला जागा लागते."

"कुणाला?"

आता यालाही सगळं सांगायचं का, अशा नजरेने टिकलीने बापाकडे बघितलं. "भिंतीकडे तो उभा राहतो."

तात्या हसला. हसू जरा मोठंच झालं. "आणि दाराकडच्या बाजूला कोण राहतं मग?"

"तिकडचा अजून आला नाही," टिकली म्हणाली.

लहान मुलांच्या डोक्यात काय काय असतं, हे तात्याला ठाऊक होतं. त्याने पलंग भिंतीला लावला आणि पायांखाली लाकडाच्या पाचरी ठोकल्या, हलणार नाही अशा. संध्याकाळी बापलेक टेबलाशी जेवत होते. टिकली शाळेतल्या बाईंची नक्कल करून दाखवत होती, बोट नाचवून, नाकात बोलून, छान करायची. तात्या मनापासून हसत होता.

आतून लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज आला. सावकाश, जड, मध्येच थांबून पुन्हा. घरात कुणाला त्रास होऊ नये म्हणून बेताने सामान सरकवणारे लोक असतात, तसा.

तात्याचा घास हातात राहिला. टिकली समोरच होती, तिचं बोट अजून हवेत होतं. आवाज थांबला. तिने बोट खाली घेतलं आणि पुढची नक्कल सुरू केली.

तात्या उठला नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी काही सरकवत असेल, असं त्याला वाटलं. आणि वर गच्ची आहे, हेही त्याच क्षणी आठवलं. त्याने टिकलीला आणखी वाढलं. तिचं पोट भरलं होतं, तरी आणखी वाढलं, म्हणजे दोघांना तिथेच बसून राहता आलं.

५

सकाळी टिकलीची आई आली. नेहमीसारखी पिशवी टाकून, चप्पल न काढताच झोपलेल्या लेकीचा पापा घ्यायला आत गेली. तात्या चहाचं पाणी ठेवत होता. आत काही पडलं नाही, कुणी ओरडलं नाही. ती बाहेर आली तेव्हा तिने उजवा हात डाव्या हाताने धरला होता. गणवेशाची बाही मनगटापासून कोपरापर्यंत फाटली होती. चार सरळ चिरा, शेजारी शेजारी. खालच्या कातडीवर लाल रेघा उमटत होत्या.

"पलंगाला खिळा आहे कुठंतरी," ती म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचला नसता. "आणि पलंग मधे कशाला आणलात?"

"मी नाही आणला."

"मग कोणी आणला?"

तात्याने तिचा हात धुतला, औषध लावलं. चिरा इतक्या नीट होत्या की त्याला शिसारी आली. असं कापड तोच कापायचा, धारदार पात्याने, एका ओढीत. त्याने तिला कानांचं सांगितलं, बोक्याचं, आवाजाचं. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते खुळ्यासारखं वाटायला लागलं. ती चहाचा कप धरून ऐकत होती. थट्टा करेल असं वाटलं होतं, पण तिने केली नाही.

"मला काय वाटतं सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही आणि ती, दोघंच असता या घरात. मी नसते. तुम्हाला वाटतं जग तिला खायला टपलंय. शाळेत नको, पायरीवर नको, पाळण्यात नको. ते सगळं तिच्या डोक्यात भरलंय तुम्ही, तुमच्या त्या सुईनं भरता तसं. मी उद्या आले की ती रजई खाली कचऱ्यात. खिळाही मीच बघते."

"उद्या कशाला, मी आजच उसवतो," तात्या म्हणाला. त्याला तिचा राग आला होता, आणि ती बरोबर बोलतेय म्हणून जास्त आला होता.

त्या दिवशी तिला बदलीची पाळी होती, ती दुपारच्याच बसला गेली. टिकली शाळेत होती. तात्याने कात्री घेतली, चष्मा लावला आणि आत गेला. खिडकीतून ऊन थेट पलंगावर पडलं होतं. रजई नीट पसरलेली होती, आणि तिच्यावर काहीच नव्हतं.

टाचल्याची भोकं होती. कानवाल्याच्या आकाराची बारीक भोकांची रेघ, पंजे, पंख, कान, सगळं. आत नुसतं निळं कापड. एक तार नाही, एक धागा नाही.

त्याच्या मनात पाल चुकचुकली, पण तिला त्याने गप्प केलं. तडक टिकलीच्या आईला फोन लावला.

"उसवलंस का तू? जाण्याआधी?"

"मी कुठं? मला वेळ तरी होता का?" मागे बसचा आवाज येत होता. "निघालं ना? बरं झालं. सुटलो."

"हो," तात्या म्हणाला. "सुटलो."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ आतल्या दाराशी उभा होता. रजई हातात घेऊन झटकावी, पलंगाखाली बघावं, भिंतीकडच्या बाजूला जावं, असं सगळं मनात आलं. दाराकडच्या बाजूने तो पलंगापर्यंत गेला. पलंगाला वळसा घालून भिंतीकडे मात्र त्याचे पाय गेले नाहीत. तिथे काही नव्हतं, नुसतं ऊन होतं, आणि ऊन जिथे फरशीवर पडायला हवं होतं तिथे ते पुरतं पडत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने टिकलीला बाहेर दिवाणावर झोपवलं. सकाळी ती आपल्या पलंगावर होती, आणि तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

६

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई जुन्या ओळखीच्या. टिकलीच्या पहिल्या दातापासून तिला बघत आलेल्या. दुपारी दवाखाना आटोपून, दोन मजले चढून धापा टाकत त्या आल्या, "काय गं, शाळा चुकवायचा बेत का?" असं दारातूनच म्हणत आतल्या खोलीकडे वळल्या, आणि उंबऱ्यावर थबकल्या.

टिकली डोळे मिटून पडली होती. ओठ सुकले होते. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर पलंगाच्या पलीकडे, माणसाच्या उंचीपेक्षा जरा वर लागली होती. हातातली बॅग खाली सरकली, ती उचलायला त्या वाकल्या नाहीत.

"तिला बाहेर आणा," त्या म्हणाल्या. "मी इथं तपासते. मला जरा चक्कर आल्यासारखं होतंय."

तात्या आत गेला. दाराकडच्या बाजूला त्याला कुणी अडवलं नाही. त्याने टिकलीच्या पाठीखाली हात घातला आणि तिला उचललं. ती अर्धवट उचलली गेली. तिचा पलीकडचा हात, भिंतीकडचा, पलंगाच्या कडेवरून बाहेर गेला होता आणि तिथेच राहिला, कुणाच्या हातात दिल्यासारखा. तात्याने ओढलं.

"दुखतंय, बाबा," टिकली म्हणाली.

त्याने सोडून दिलं. हात कशात अडकलाय ते बघायला त्याने मान उचलली नाही. बघितलं असतं तर जे काही असेल ते खरं झालं असतं.

"ताप फार दिसतोय," बाहेरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या अजून जागच्या हलल्या नव्हत्या, हे त्यांचं मोठेपण. "श्वास बघा कसा चाललाय तिचा. हिला आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं. उशीर केला तर माझ्याही हातात राहणार नाही, तात्या. मी गाडी बोलावते, चार माणसं घेऊन येते. तुम्ही तिला सोडू नका."

त्या जिन्याने उतरल्या. तात्याने टिकलीच्या आईला फोन लावला. तिची बस शहरात शिरली होती; "आले, आले," एवढंच ती म्हणाली.

घरात सामसूम झाली. टिकलीचा श्वास तेवढा ऐकू येत होता, भरभर, वरवरचा. तात्या उंबरा ते पलंग येरझाऱ्या घालू लागला. ओली पट्टी आणली, तिच्या कपाळावर ठेवली, ती लगेच सुकली. त्याने पुन्हा तिला उचलून पाहिलं, पुन्हा तेच. मग त्या पलीकडच्या अंगाला न बघता तो हात जोडून म्हणाला, "सोड रे बाबा तिला. तिला बरं नाही." काही झालं नाही. आपल्याला रडू येतंय हे त्याला चष्मा धुरकटल्यावर कळलं.

"बाबा," टिकली म्हणाली. तिने डोळे उघडले नव्हते. "तू तिकडं उभा राहा. मग तो रागावणार नाही."

"कुठं उभा राहू?"

"तू आहेस तिथंच."

तो पलंगाला लागून उभा राहिला, तिच्याकडे तोंड करून.

"असं नाही. बाहेर बघून."

तात्याने विचार केला. आजारी पोर म्हणते आहे, तर उभं राहायला काय जातं? ती शांत होईल, तो हात सुटेल, गाडी येईपर्यंतचाच प्रश्न आहे. लेकीसाठी याहून वेडगळ गोष्टी त्याने केल्या होत्या. तो वळला, पलंगाला पाठ केली आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला.

तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं. पूर्ण नाही. पलंगाच्या पलीकडे, त्याच्या बरोबरीने, त्याच्यासारखंच बाहेर बघत उभं असलेलं काहीतरी. एका खांद्यावर दुपारचं ऊन, आणि वर दोन कान, ताठ. त्यातला एक त्याच्या दिशेला वळला आणि पुन्हा समोर झाला. ओळख पटल्यावर माणूस मान डोलावतो, तेवढंच.

आणि तात्याच्या जिवाची घालमेल थांबली. टिकली जन्मल्यापासून जी एक क्षण थांबली नव्हती, ती थांबली. खिडकी बघायला नको, कडी बघायला नको. तो होता ना इथे. त्याने पाय जरा फाकवून नीट रोवले.

७

जिन्यावर पावलं वाजली. बरीच होती. सगळ्यांत पुढची पावलं त्याच्या ओळखीची, दोन-दोन पायऱ्या गाळत येणारी. या लवकर, असं म्हणायला तात्याने तोंड उघडलं. घसा हलला, शब्द आला नाही.

टिकलीची आई दारात आली. खांद्यावर तिकिटांची पिशवी, हाताला पट्टी. तिच्या मागे डॉक्टरीणबाई, आणि स्ट्रेचर धरलेली दोन माणसं. तिने आधी लेकीकडे बघितलं, मग तात्याकडे, आणि तिचा चेहरा असा झाला की तात्याला तिची फार दया आली. इतक्या वर्षांत तिला असं घाबरलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "हात खाली घ्या."

आपला हात वर आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याने खाली घ्यायचा प्रयत्न केला. मनापासून केला.

"अहो, मी आहे. बाजूला व्हा. तिला नेऊ द्या."

ने, असं त्याला म्हणायचं होतं. माझ्याकडे काय बघतेस, तिला ने. आणि त्याच वेळी, त्या शब्दांच्या खाली, त्याला स्वच्छ कळत होतं की ही आत येऊ पाहणारी बाई आहे आणि तिच्यामागे आणखी तिघं आहेत. त्याच्या पलीकडे, पलंगाच्या दुसऱ्या अंगाला, काहीतरी पुढे झुकलं. तात्याही झुकला.

स्ट्रेचरवाल्यांपैकी एकजण मागे सरला. टिकलीची आई नाही सरली. तिने पट्टी बांधलेला हात छातीशी धरला आणि एक पाऊल आत टाकलं. येऊ नकोस, असं तात्या आतल्या आत ओरडला, अगं, येऊ नकोस, मी मारीन. तिने त्याच्या डोळ्यांत बघून दुसरं पाऊल उचललं.

"बाबा," मागून टिकली म्हणाली, "पाणी."

तांब्या स्टुलावर होता, त्याच्या कोपरापाशी. नुसतं वळलं की हाताला लागला असता. तात्याला वळायचं होतं. आयुष्यात दुसरं काही त्याला इतकं हवं नव्हतं.

"बाबा, पाणी दे ना," टिकली पुन्हा म्हणाली, अगदी हळू.

तात्याने ते नीट ऐकलं. तो दाराकडे बघत राहिला.